कायमचा पत्ता

सकाळी सव्वासात ते आठ या वेळात आमच्या घरात कुणी कुणाचं नीट ऐकून घेत नाही. एका शेगडीवर चहा, दुसरीवर डब्याची भाजी, बाथरूमचं दार आतून बंद आणि बाहेर खांद्यावर टॉवेल टाकून लेक उभी. "बाबा, अंघोळ करताय की पोहायला शिकताय?" आतून उत्तर येत नाही, फक्त पाण्याचा आवाज वाढतो. त्या गुरुवारीही हेच चाललं होतं. वन्सं टेबलाशी बसून वर्तमानपत्र मागच्या पानाकडून वाचत होत्या. ही सवय जेमतेम पाच महिन्यांची. त्याआधी त्या चारचौघांसारख्या पहिल्या पानापासून वाचायच्या.

इतक्यात दारावर थाप पडली.

बेल असताना दार वाजवणारा माणूस एक तर शेजारचा असतो, नाहीतर फार लांबून आलेला. मी पदराला हात पुसत दार उघडलं. दारात एक बाई उभ्या. पन्नाशीच्या आतबाहेर, डोळे जागरणानं लाल, आणि गळ्यात शिवणकामाची टेप. घरून निघताना ती काढायचं भान राहिलं नसावं. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं एक जाड, सायीच्या रंगाचं पाकीट. इथं कोण राहतं वगैरे त्यांनी काही विचारलं नाही. पाकीट माझ्या डोळ्यांसमोर धरलं नि म्हणाल्या, "ह्या अक्षराच्या बाई इथंच राहतात का?"

मी नाही म्हणूच शकत नव्हते. माझ्या स्वयंपाकघरातल्या एकूण एक बरणीवर तेच अक्षर आहे.

वन्सं म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई. वय अठ्ठावन्न. विद्यापीठाच्या जनसंपर्क कार्यालयात सव्वीस वर्षं काढली. वर्तमानपत्रांना जी पत्रकं जातात, त्यांचा मसुदा करायचा, टाइप करायचा, वरून खाडाखोड होऊन आला की पुन्हा टाइप करायचा, आणि सह्या झाल्या की रवाना करायचा, हे त्यांचं काम. विद्यापीठात त्यांना सगळे 'पत्रकवाल्या बाई' म्हणतात. लग्न केलं नाही. कुणी खोदून विचारलंच तर म्हणतात, "मसुदा पाठवला होता, मंजूर होऊन आला नाही." मी या घरात आले तेव्हा मला त्यांची जरा धास्तीच वाटायची. पण पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून चहाचा कप फुटला, आणि सासूबाई काही बोलायच्या आत वन्सं गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या, "कप फुटल्याचं समजतं. प्रशासन तीव्र खेद व्यक्त करतं. चौकशी समितीचा अहवाल येईपर्यंत सर्वांनी पेल्यातून चहा घ्यावा." तेव्हापासून आमचं जमलं ते जमलं.

घरातला तो नेहमीचा विनोद होऊन बसला होता. भाजी करपली की पत्रक, लाइट गेले की पत्रक, जावईशोध लागला की पत्रक. गेल्या पाच महिन्यांत मात्र त्यांनी एकही केलं नाही. लेकीनं एकदा सुरुवात केली, "वरण खारट झाल्याचं समजतं…" तर वन्सं ताटावरून उठून गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या.

अक्षराबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिथंच येऊन अडतं. वन्संचं अक्षर बघणाऱ्यानं दोन मिनिटं थांबावं असं. गोल, ठसठशीत, शिरोरेघ सुतात. विद्यापीठात मानपत्र लिहायचं असलं की बोलावणं त्यांना. फाटकावरची 'येथे वाहने उभी करू नयेत' ही पाटीसुद्धा त्यांच्या हातची, आणि द्वारपाल सांगतो की तिच्यासमोर गाडी लावायला लोक खरोखर संकोचतात.

पाच महिन्यांपूर्वी वर्तमानपत्रात पहिली बातमी आली. विद्यापीठातल्या एका मोठ्या प्रयोगशाळेचे प्रमुख, ज्यांना सगळे 'मोठे सर' म्हणत, ते संशोधन करणाऱ्या मुलींना दार लावून बसवतात, अंगचटीला येतात, आणि जी विरोध करेल तिच्या प्रबंधावर सही करायचं वर्षवर्ष लांबवतात. नऊ मुलींनी लेखी तक्रार दिली होती. वन्संनी ती बातमी दोनदा वाचली. मोठ्या सरांच्या सत्काराची तीन मानपत्रं त्यांनीच लिहिली होती.

पहिले तीन दिवस विद्यापीठ गप्प. झाकली मूठ सव्वा लाखाची, असा वरचा हिशेब. इकडे कार्यालयातला फोन खाली ठेवायची सोय नाही, आणि उचलला की सांगायला काही नाही. चौथ्या दिवशी पत्रक काढायचं ठरलं. वन्संनी लिहिलं, 'तक्रारी मिळाल्या आहेत, आम्ही माहिती घेत आहोत.' कुलसचिवांनी ते खोडलं. म्हणाले, "माहिती घेत आहोत म्हणजे आपल्याला माहीत नव्हतं असं दिसतं."

"मग माहीत होतं का?" वन्संनी विचारलं.

"बाई, ते पत्रकात नसतं."

पत्रक गेलं ते 'निराधार आरोप' असं. दहा दिवसांनी दुसरं गेलं, चौकशी समितीचं. तोवर दोन मुली टीव्हीवर पाठमोऱ्या बसून बोलल्या होत्या, आणि निराधार म्हणणाऱ्यांचा आधार सुटला होता. तिसऱ्यात खेद, चौथ्यात तीव्र खेद. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं थांबत नाही, पण आमच्याकडे रोज नवी टोपली शोधायची, असं वन्सं तेव्हा म्हणायच्या. मोठे सर रजेवर गेले, मग निलंबित झाले. आणि मग विद्यापीठानं बाहेरून एक सल्लागार आणला. संकट आल्यावर संस्थेनं काय बोलावं, कसं बोलावं, हे शिकवणारा माणूस. प्रत्येक गोष्टीचे तो बारा मुद्दे काढायचा. वन्संनी दुसऱ्याच दिवशी त्याचं नाव ठेवलं, बाराकलमी.

बाराकलमी मूर्ख नव्हता, हे वन्संही कबूल करतात. पहिल्याच बैठकीत त्यानं विचारलं, "तुम्ही चार पत्रकं काढलीत. त्यातलं एकतरी त्या नऊ जणींसाठी होतं का?" सगळे आढ्याकडे बघायला लागले. त्यानंच ठरवलं की कुलगुरूंनी प्रत्येकीला वेगळं पत्र लिहून माफी मागायची. जाड कागद, चांगलं पाकीट, आणि पत्ता छापील नको, हातानं लिहिलेला. त्यात आपुलकी दिसते.

मसुदा वन्संचा. त्या संध्याकाळी घरी येऊन मला म्हणाल्या, "अगं, सव्वीस वर्षांत पहिल्यांदा खरं काहीतरी लिहिलं." वकिलांनी त्यातून मोठ्या सरांचं नाव काढलं, काय घडलं ते वाक्य काढलं, तरी 'तुमच्यावर अन्याय झाला आणि आम्ही वेळेवर ऐकलं नाही' एवढं उरलं. वन्संना तेही पुष्कळ वाटलं. मग त्यांनी नऊ पाकिटं समोर घेतली, ठेवणीतलं शाईचं पेन काढलं आणि एक अख्खी दुपार लावून पत्ते लिहिले.

पत्ते कुठून घेतले? प्रवेश अर्जावरच्या 'कायमचा पत्ता' या रकान्यातून. त्या कार्यालयाचा तसा नियमच आहे: रजिस्टर्ड पत्र कायमच्या पत्त्यावरच पाठवायचं. वसतिगृहातल्या खोल्या बदलतात, पत्रं गहाळ होतात. वीस वर्षांपूर्वी काही पदव्या अशाच कुठेतरी वसतिगृहात हरवल्या, तेव्हा हा नियम करून घेतला होता वन्संनीच. त्याबद्दल त्यांना शाबासकीही मिळाली होती.

दारातल्या बाईंना मी आत घेतलं, पाणी दिलं. वन्संनी पाकीट बघितलं आणि चष्मा डोळ्यांवर घेतला. नऊपैकी सातवं, त्यांना क्रमसुद्धा आठवत होता.

"द्वारपालानं पत्ता दिला," बाई म्हणाल्या. "काल संध्याकाळी पोचले. कार्यालय बंद झालं होतं. त्याला पाकीट दाखवलं तर म्हणाला, हे तर आमच्या पत्रकवाल्या बाईंचं. रात्री स्टँडवरच बसले. रागावू नका, अशी सकाळी सकाळी आले."

"मी कशाला रागावू? तुम्ही त्या मुलीच्या…"

"आई."

त्या आईनं मग जे सांगितलं ते एका दमात सांगितलं, जणू रात्रभर स्टँडवर बसून पाठ केलं होतं. नवरा एसटी डेपोत टाइमकीपर. गाड्या आल्यागेल्याची वेळ लिहायची, तीस वर्षं. ही शाळेचे गणवेश शिवते. मुलगी सहा वर्षं विद्यापीठात, घराण्यात पहिलीच एवढी शिकलेली. तिनं तक्रार केली होती हे घरी माहीत नव्हतं. बातम्या बघून बापानं एकदा फोनवर विचारलंही होतं, "तुमच्याकडे काय चाललंय गं?" ती म्हणाली होती, "आमचा विभाग वेगळा आहे बाबा." तिला स्वतःला सांगायचं होतं, प्रबंध झाल्यावर, घरी बसून, आपल्या शब्दांत.

मग हे पाकीट आलं. नावावर मुलीच्या, पण आलं घरी.

"त्यांनी पोस्टमनकडे सही केली नि पाकीट हातात घेऊन बघतच राहिले," आई म्हणाली. "कुलगुरू कार्यालय म्हणून शिक्का. असला कागद. आणि हे अक्षर. मला म्हणाले, अगं हे बघ, हे मानपत्राचं अक्षर आहे, पोरीला बक्षीस लागलं. मी म्हटलं, तिच्या नावाचं आहे, तिला आल्यावर उघडू दे. ऐकतात कुठं! डेपोत घेऊन गेले. कंट्रोलर, दोन ड्रायव्हर, कँटीनवाला, सगळ्यांना गोळा केलं. आणि मोठ्यानं वाचायला लागले."

स्वयंपाकघरात भाजी लागल्याचा वास आला. मी उठले नाही.

"अन्याय झाला, इथपर्यंत वाचलं," ती म्हणाली. "मग पुढचं वाचलं नाही. घडी केली नि खिशात घातलं. कुणी काही विचारलं नाही म्हणे. कँटीनवाल्यानं चहा दिला फक्त."

त्यानंतर बाप मुलीला घरी घेऊन आला. ओरडला नाही, मारलं नाही. एवढंच म्हणाला, त्या जागेत आता पाय ठेवायचा नाही. मुलीची तोंडी परीक्षा अठरा तारखेला होती, म्हणजे अकरा दिवसांवर. नवे मार्गदर्शक, नवे परीक्षक, महत्प्रयासानं मिळालेली तारीख. ती चुकली तर सहा वर्षं पाण्यात.

"तुम्ही एक पत्र लिहा," आई म्हणाली. पिशवीतलं पाकीट तिनं टेबलावर वन्संकडे सरकवलं. "ह्याच अक्षरात. की हे चुकून आलं. दुसऱ्या मुलीचं होतं, नाव सारखं होतं. ते विश्वास ठेवतील. ह्या अक्षरावर त्यांचा विश्वास बसतो."

मला तर वाटलं, लिहून टाकावं. कुणाचं काय जातंय! एक खोटं, आणि पोर परीक्षेला बसेल. मी तसं बोललेही. "वन्सं, चार तर खोटी पत्रकं काढलीत. एक तिच्या भल्यासाठी काढा."

वन्संनी माझ्याकडे बघितलं, रागानं नव्हे, फार दमलेल्या नजरेनं. मग आईला विचारलं, "तिला विचारलंत का, असं पत्र पाठवू का म्हणून?"

"तिला काय विचारायचं? तिच्यासाठीच तर…"

"मीही तिला विचारलं नव्हतं हो," वन्सं म्हणाल्या. "फोन लावा तिला. बाप ड्यूटीवर असेल ना आता?"

फोन टेबलावर मधोमध ठेवला. मुलीचा आवाज झोपेतून उठल्यासारखा जड होता. वन्संनी आपण कोण ते सांगितलं आणि पाकिटावरचा पत्ता आपणच लिहिल्याचं सांगितलं.

"ओळखते मी तुमचं अक्षर," ती म्हणाली. "प्रयोगशाळेच्या भिंतीवर सरांचं मानपत्र होतं. रोज समोर दिसायचं."

वन्संचा हात टेबलावर होता, तो त्यांनी मांडीवर घेतला. मग सरळ विचारलं, आई अशी अशी मागणी करते आहे, तर काय करू?

"चुकून आलं म्हणून लिहिलंत, तर मग मी जे सांगितलं तेही चुकूनच सांगितलं असं होईल ना? एवढं सगळं झालं, त्यात एवढंच तर माझं आहे, की मी सांगितलं."

"मग काय करू?"

"मला विचारताय?"

"हो."

"पाच महिन्यांत पहिल्यांदा कुणी विचारलं," मुलगी म्हणाली, आणि हसली की काय ते कळलं नाही. "बाबांना अजून एक पत्र नका पाठवू. पत्राला उलट विचारता येत नाही. त्यांना विचारायचंय, तुम्ही काय करत होतात, माझी मुलगी तुमच्या ताब्यात दिली होती. ते माझ्यावर ओरडतसुद्धा नाहीयेत हो. नुसते बसतात. माणूस पाठवा कुणीतरी, विद्यापीठाचा. त्याच्यावर ओरडू दे त्यांना. मग देतील जाऊ मला. मी ओळखते त्यांना."

"प्रयत्न करते."

"प्रयत्न करू, हे पत्रकात पण होतं."

"बरं. सोमवारी," वन्सं म्हणाल्या.

आईची बस अकराला होती. तोवर तिला रिकामं बसवेना. माझ्या लेकीच्या कुडत्याची बाही उसवलेली तिच्या नजरेस पडली. पिशवीतून सुईदोरा काढून तिनं ती तिच्या अंगावरच टाचून दिली. लेक हात लांब करून उभी होती. बाईंनी दोरा दातानं तोडला तशी हळूच म्हणाली, "आत्या, माझ्या फॉर्मवर कायमचा पत्ता हाच आहे ना? ह्या घरचा?"

उत्तर सगळ्यांना माहीत होतं.

त्या दिवशी वन्सं संध्याकाळी घरी आल्या तेव्हा मी मटार सोलत होते. चप्पल काढून त्या तशाच समोर बसल्या आणि मूठभर शेंगा पुढ्यात ओढल्या. दोन-चार सोलल्यावर सांगायला लागल्या.

दुपारी बैठक होती. बाराकलमीनं सगळ्या प्रकरणाचा सारांश तयार केला होता, 'संकटातून शिकलेले बारा धडे'. पुढच्या महिन्यात दुसऱ्या विद्यापीठांच्या लोकांना बोलावून कार्यशाळा घ्यायची, आपण कसं सावरलं ते सांगायचं. टाइप करायला वन्संकडेच आला होता तो कागद. पहिला धडा, पहिल्या चोवीस तासांत बोला. दुसरा, एकाच माणसानं बोला. असं करत सातवा: माफीचं पत्र वैयक्तिक असावं, हस्तलिखित पत्त्यामुळे आपुलकी पोचते, नऊपैकी नऊ पोचपावत्या परत आल्या.

"पोचपावत्या मीच फाइलला लावल्या होत्या," वन्सं म्हणाल्या. "सातव्या पावतीवर बापाची सही आहे. मी बघितली होती ती. पण आमच्याकडे सही कुणाची ते बघत नाहीत, तारीख बघतात."

बैठकीत त्यांनी हात वर केला. सव्वीस वर्षांत त्या कुठल्याच बैठकीत बोलल्या नव्हत्या; त्यांचं काम टिपणं घेण्याचं. आईचं, डेपोचं, परीक्षेचं, सगळं सांगितलं. कुणीतरी जावं म्हणाल्या.

"मग?"

"बाराकलमीनं वहीत काहीतरी लिहिलं, बरं का. पण वकील म्हणाले, कुटुंबाशी परस्पर संपर्क नको, उद्या तेच आपल्यावर उलटेल. कुलसचिव म्हणाले, पत्ता तिनंच अर्जावर लिहिलेला, आपली काय चूक? आणि साहेब…"

साहेब म्हणजे कुलगुरू. वन्संना त्यांच्याबद्दल माया आहे. या प्रकरणानंतर तेही अर्धे झाले होते.

"साहेब म्हणाले, बाई, आपण माफी मागितली आहे ना? आणखी किती वेळा मागायची? चिडून नाही म्हणाले. खरंच विचारत होते. मग ते म्हणाले, तुमची तळमळ समजते, आणि पुढचा मुद्दा घेतला."

मटाराचं टोपलं रिकामं झालं होतं. वन्संचे हात तरीही सालांमध्ये शेंगा शोधत होते.

"बैल गेला नि झोपा केला," मी म्हटलं. "तेही बारा खांबांचा."

त्या हसल्या नाहीत. "धडे चांगले आहेत गं सगळे. खरंच चांगले आहेत. एकही चुकीचा नाही. फक्त त्या बाराच्या बारा धड्यांत ती मुलगी कुठे नाही."

मग उठून हातपाय धुतले, जेवणाच्या टेबलावरचं वर्तमानपत्र बाजूला केलं आणि रजेचा अर्ज लिहायला कोरा कागद घेतला. मी कणीक मळायला घेतली होती, पण लक्ष तिकडेच. पहिला कागद त्यांनी माझ्याकडे सरकवला. "बघ बरं."

'उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदारास काही अपरिहार्य कारणास्तव…'

"वन्सं, हे तुम्ही लिहिलंय की भिंतीनं?" मी म्हणाले. "आणि रजाच हवी ना? मग लिहा 'घरगुती कारण'. कोण विचारतंय? मी येते बरोबर. डबा घेऊ, सकाळच्या बसनं जाऊ, संध्याकाळपर्यंत परत."

"सव्वीस वर्षं घरगुती कारणच लिहिलंय. दाढ काढायची असली तरी घरगुती कारण." त्यांनी कागद परत घेतला नि चार तुकडे केले. "घरगुती कारण लिहून गेले तर त्या घरी कोण जाईल? तुझी नणंद जाईल. त्यांना तुझी नणंद काय करायचीय? चहा देतील, बसवतील, मान ठेवतील. बाईमाणसावर, पाहुणीवर तो माणूस ओरडणार आहे का? त्याला विद्यापीठावर ओरडायचंय. मग मला कागदावर लिहून जायला हवं, कशाला चाललेय ते. खाली साहेबांची सही हवी. तो कागद त्याच्या हातात देईन नि म्हणेन, हे घ्या, ह्यांनी पाठवलंय, आता बोला."

"आणि सही केली नाही तर?"

"सोमवार म्हणालेय मी तिला."

"ते ठीक, पण सही केली नाही तर?"

"उद्या सकाळी त्यांच्या दारात उभी राहीन. परवा पुन्हा. अठरा तारखेपर्यंत बऱ्याच सकाळी आहेत."

दुसऱ्या कागदावर त्यांनी दोन ओळी लिहिल्या आणि थांबल्या. 'चूक' हा शब्द लिहून खोडला, 'त्रुटी' लिहिला, तोही खोडला. पेन टेबलावर ठेवून डोळे चोळले. "हात बसलाय गं," म्हणाल्या, "त्रुटीच येतं."

"बोला, मी लिहिते," मी म्हटलं. माझे हात कणकेनं माखलेले.

"नको. माझ्याच अक्षरात हवं. तो ओळखतो हे अक्षर."

तिसरा कागद त्यांनी घाईनं लिहिला, पहिल्यांदाच शिरोरेघा सुतात नव्हत्या. लिहून झाल्यावर वाचून दाखवला नाही. माझ्यासमोर धरला आणि मी वाचून होईपर्यंत धरून राहिल्या.

'साहेब,
सातव्या पाकिटावरचा पत्ता मी लिहिला. तो लिहिण्याआधी मी त्या मुलीला विचारलं नाही. चूक आपली होती, तिची नव्हती, हे तिच्या वडिलांना समोर बसून सांगायला मला सोमवारी एक दिवसाची रजा हवी.'